ॲस्पिरिनची गोळी आणि रुग्णवाहिकेतला माणूस

श्रीपूर हे माळशिरस तालुक्यातले कारखान्याचे गाव. चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापन केलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटमुळे या गावाला ओळख मिळाली. पुढे पांडुरंग सहकारी साखर कारखानाही इथेच उभा राहिला आणि आता महाळुंग-श्रीपूर अशी जोडनावाची नगरपंचायत आहे. अकलूज इथून दहा-पंधरा किलोमीटर, पंढरपूर त्याच्या दुपटीहून लांब आणि सोलापूर शंभराच्या आसपास. छातीत कळ येऊन दरदरून घाम फुटलेल्या माणसाचे पुढे काय होणार, हे श्रीपुरात बऱ्याच अंशी या तीन अंतरांवर ठरते. मोठ्या गावाकडे जावे तसतशी उपचारांची सोय वाढत जाते, पण तेवढा वेळही वाटेत जातो.

या वाटेवर रुग्णाला पहिल्यांदा हात लावणारा प्रशिक्षित माणूस कोण असतो आणि त्याला काय काय करण्याची मुभा असते, हा खरा प्रश्न आहे. ॲस्पिरिन हा त्यातला सगळ्यात लहान भाग. रुपया-दोन रुपयांची गोळी, चावायला अर्धे मिनिट. पण ती रुग्णवाहिकेतल्या तंत्रज्ञाने द्यावी की डॉक्टरची वाट पाहावी, कुणाला द्यावी, कुणाला देऊ नये आणि दिल्यावर पुढे काय करावे, हे विचारत गेलो की आपत्कालीन सेवेची सगळी रचना आपोआप समोर येते.

आधी गोळीबद्दल. बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत फेलिक्स हॉफमन याने १८९७ मध्ये हे रसायन शुद्ध रूपात तयार केले आणि १८९९ पासून ते ॲस्पिरिन नावाने बाजारात आले, ते अंगदुखी आणि तापावर. हृदयाशी त्याचा संबंध जोडायला अर्धे शतक लागले. कॅलिफोर्नियातल्या ग्लेनडेल इथले लॉरेन्स क्रेव्हन हे साधे फॅमिली डॉक्टर १९५०च्या सुमारास आपल्या रुग्णांना ते हृदयविकार टाळण्यासाठी देत होते आणि त्यावर लिहीतही होते, पण त्यांच्याकडे फारसे कुणी लक्ष दिले नाही. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिन शरीरात नेमके काय करते ते दाखवले आणि त्या कामासाठी १९८२च्या नोबेल पुरस्कारात त्यांना वाटा मिळाला. रक्तातल्या प्लेटलेट एकमेकींना चिकटून गुठळी धरतात. ते चिकटणे ज्या विकरामुळे घडते, ते विकर ॲस्पिरिन कायमचे निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसते, त्यामुळे तिला नवे विकर बनवता येत नाही आणि ती जगते तेवढे सात ते दहा दिवस हा परिणाम टिकून राहतो. एवढ्याशा गोळीत इतका जोर येतो तो यामुळे.

हृदयविकाराच्या झटक्यात तिचा उपयोग किती, याचे निर्विवाद उत्तर १९८८ मध्ये मिळाले. आयसिस-२ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चाचणीत ४१७ रुग्णालयांतले १७,१८७ रुग्ण होते. काहींना ॲस्पिरिन, काहींना गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज, काहींना दोन्ही आणि काहींना दोन्ही नाही, अशी विभागणी होती. पाच आठवड्यांत ॲस्पिरिन न घेतलेल्यांपैकी ११.८ टक्के रुग्ण हृदय व रक्तवाहिन्यांच्या कारणाने दगावले, घेतलेल्यांपैकी ९.४ टक्के. म्हणजे हजार रुग्णांमागे चोवीस-पंचवीस माणसे वाचली. दोन्ही औषधे मिळालेल्यांत हे प्रमाण ८ टक्के होते आणि एकही न मिळालेल्यांत १३.२ टक्के.

या चाचणीतली एक गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते आणि आपल्याकडच्या चर्चेत नेमकी तीच मागे पडते. दुखणे सुरू झाल्यापासून चोवीस तासांच्या आत आलेले रुग्ण त्यात होते. ॲस्पिरिन दोन तासांनी दिले की दहा तासांनी, यावर त्याचा फायदा फारसा बदलला नाही. स्ट्रेप्टोकायनेजचे तसे नव्हते. पहिल्या चार तासांत दिले तेव्हा मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, पुढे उशीर झाला तेव्हा हा फायदा जवळपास निम्म्यावर आला. याचा अर्थ, ॲस्पिरिनची गोळी चुकता कामा नये, पण घड्याळाशी शर्यत आहे ती बंद धमनी उघडण्याची. गोळी दिली आणि आता जरा थांबून पाहू, असे कुणी म्हटले तर त्याने गोळीचा फायदा मिळवला आणि वेळेचा घालवला. गोळी देणारा माणूस एवढे जाणत असेल, तरच त्याच्या हातात ती सुरक्षित आहे.

आता ती द्यायची कशी. मात्रा १६० ते ३२५ मिलीग्रॅमच्या दरम्यान. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ३२५ देतात, ब्रिटनमध्ये ३००. गोळी चावून खायची, गिळायची नाही. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात चावलेल्या गोळीने प्लेटलेटवरचा अर्धा परिणाम पाच मिनिटांत दिसला, गिळलेल्या गोळीला बारा मिनिटे लागली. आपल्याकडे घरोघर असते ती इकोस्प्रिन. तिच्यावर पोटात न विरघळणारे आवरण असते, म्हणून ती चावणे तर आणखीच गरजेचे. शिवाय ती बहुधा ७५ किंवा १५० मिलीग्रॅमची असते, त्यामुळे एक गोळी पुरत नाही, पाकिटावरचा आकडा वाचून हिशेब करावा लागतो. पाण्यात विरघळणारी डिस्प्रिनही चालते.

देण्यापूर्वी चार प्रश्न विचारायचे आणि त्यांची उत्तरे रुग्णाकडून मिळाली नाहीत तर घरच्यांकडून घ्यायची. ॲस्पिरिन किंवा दुसरी एखादी वेदनाशामक गोळी घेऊन कधी अंगावर गांधी उठल्या का, दमा उसळला का? शौचाला काळे होते का, उलटीत रक्त पडले का, अल्सर आहे का? तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले असे काही आहे का? सध्या ताप आहे का, डेंग्यू सांगितलाय का? तिसरा प्रश्न विसरता येत नाही, कारण गावाकडे लोक 'अटॅक आला' हे शब्द छातीसाठीही वापरतात आणि अर्धांगासाठीही. अर्धांगाचा झटका गुठळीमुळे आलाय की मेंदूत रक्तस्राव होऊन, हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही, आणि रक्तस्रावात ॲस्पिरिन दिले तर नुकसान होते. छातीतून पाठीकडे फाडत जाणारी भयंकर कळ आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात मोठा फरक, असे आढळले तर मुख्य धमनीच फाटलेली असू शकते. अशा वेळी हात आवरून फोनवर डॉक्टरला विचारावे.

ॲस्पिरिनबरोबर हमखास नाव निघते सॉर्बिट्रेटचे. जिभेखाली ठेवायची ही गोळी अनेकांच्या खिशात असते आणि माझ्या मते ती ॲस्पिरिनपेक्षा कितीतरी जास्त जपून वापरायला हवी. तिने रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. रक्तदाब आधीच कमी असेल, हृदयाच्या उजव्या कप्प्याला इजा झालेली असेल, किंवा रुग्णाने गेल्या एक-दोन दिवसांत लैंगिक क्षमतेची गोळी घेतली असेल, तर सॉर्बिट्रेटने माणूस कोसळू शकतो. रक्तदाब मोजल्याशिवाय ती देऊ नये. २०२४च्या जानेवारीत कानपूरच्या हृदयरोग संस्थेने ७ रुपयांचे 'राम किट' लोकांसाठी काढले. त्यात ॲस्पिरिन, कोलेस्टेरॉलची गोळी आणि सॉर्बिट्रेट अशी तिन्ही होती. हेतू चांगलाच होता. पण रक्तदाब मोजण्याचे साधन नसलेल्या घरात त्यातली तिसरी गोळी देणे मला धोक्याचे वाटते. घरच्या माणसांच्या हाती ॲस्पिरिन पुरे.

आणखी एक खुलासा इथेच करतो, कारण हा भाग वाचून कुणीतरी उद्यापासून रोज गोळी सुरू करील. झटक्याच्या वेळी घ्यायची गोळी वेगळी आणि धडधाकट माणसाने प्रतिबंध म्हणून रोज घ्यायची वेगळी. ॲस्प्री या चाचणीत १९,११४ निरोगी ज्येष्ठांना तपासले गेले. तिचे निष्कर्ष २०१८ मध्ये आले. रोजच्या ॲस्पिरिनने त्यांचे निरोगी आयुष्य वाढले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. आधी झटका येऊन गेलेला असेल किंवा स्टेंट बसवलेला असेल, तर डॉक्टरने लिहून दिलेली गोळी मुळीच थांबवू नये. ती गोष्टच निराळी.

ही गोळी देण्याचा अधिकार कुणाला? अमेरिकेत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाच्या मूळ पातळीलाच, म्हणजे काही महिन्यांचे शिक्षण घेतलेल्या माणसालाही, हृदयविकाराची शंका असलेल्या छातीदुखीत ॲस्पिरिन देण्याची मुभा राष्ट्रीय नमुना-कार्यकक्षेत दिलेली आहे. त्यामागे डॉक्टर असतोच, पण त्याचा आदेश आधीच लिहून, सही होऊन रुग्णवाहिकेत ठेवलेला असतो. दर वेळी फोन लावावा लागत नाही. ब्रिटनमध्ये तर रुग्णवाहिकेची वाट पाहणाऱ्यालाच ३०० मिलीग्रॅम चावून घ्यायला सांगतात.

आपल्याकडचे कायदे ॲस्पिरिनबाबत पूर्वीपासून उदार आहेत, हे फारसे कुणी लक्षात घेत नाही. १९४५च्या औषध नियमांच्या 'के' परिशिष्टात घरगुती औषधांची यादी आहे. हजारापर्यंत वस्तीच्या खेड्यात ही औषधे परवान्याशिवाय विकता येतात आणि त्या यादीत ॲस्पिरिन आहे. कंत्राटी कामगारांसाठीच्या १९७१च्या केंद्रीय नियमांत प्रथमोपचार पेटीत काय काय हवे, ते सांगितले होते. त्यात ५ ग्रेनच्या १०० ॲस्पिरिन गोळ्यांची बाटली होती. पाच ग्रेन म्हणजे आजचे ३२५ मिलीग्रॅम, हृदयविकारातली मात्रा. ठेवली होती ती अंगदुखीसाठी, तरी होती. किराणा दुकानदाराला जी विकता येते आणि मुकादमाला जी पेटीत ठेवावी लागे, ती गोळी प्रशिक्षित तंत्रज्ञाने द्यावी की नाही याबद्दल संदिग्धता असणे मला पटत नाही.

ही संदिग्धता आली ती तंत्रज्ञाच्या दर्जामुळे. आपल्या देशात १०८ची सेवा २००५ मध्ये हैदराबादेत सुरू झाली. त्या पद्धतीत गाडीत तंत्रज्ञ असतो आणि नियंत्रण कक्षात डॉक्टर. तंत्रज्ञ रुग्ण पाहतो, फोनवर सांगतो, डॉक्टरची परवानगी घेतो आणि औषध देतो. ही माणसे वर्षानुवर्षे हजारो जीव वाचवत आली, पण त्यांच्या व्यवसायाला स्वतःची नोंदणी किंवा परिषद नव्हती. प्रशिक्षण कुठे काही आठवड्यांचे, कुठे पदविकेचे. २०२१ मध्ये सहयोगी आरोग्य व्यावसायिकांचा राष्ट्रीय आयोग कायदा झाला आणि त्याच्या अनुसूचीत आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे नाव आले. त्यांना कायद्यात जागा मिळाली. आता त्या जागेवर बसून ते काय करू शकतात, याची कार्यकक्षा औषधांच्या नावांनिशी लिहिली जायला हवी, आणि पहिले नाव ॲस्पिरिनचे असावे.

महाराष्ट्राने वेगळी वाट धरली. २६ जानेवारी २०१४ रोजी राज्यात १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ रुग्णवाहिकांची योजना होती: २३३ प्रगत जीवरक्षणाच्या, ७०४ मूलभूत. नियंत्रण कक्ष पुण्यात औंधच्या उरो रुग्णालयाच्या आवारात. आणि गाडीत तंत्रज्ञ नाही, तर डॉक्टर. बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस पदवीचे, आपत्कालीन उपचारांचे वेगळे प्रशिक्षण दिलेले. चालकाला तिथे पायलट म्हणतात. गाडीतच डॉक्टर असल्यामुळे ॲस्पिरिनसाठी परवानगीचा प्रश्न उरत नाही, हा या रचनेचा मोठा गुण. पण गाडीच्या पायलटला, कारखान्याच्या रुग्णवाहिकेवरच्या मदतनिसाला, खासगी ॲम्ब्युलन्सवाल्याला काय करता यावे, याचा विचार मात्र त्यामुळे मागे पडला. १०८ची गाडी दुसऱ्या गावाला गेलेली असली की श्रीपूरच्या रुग्णाला मिळतो तो यांच्यापैकीच कुणीतरी. डॉक्टर गाडीत असण्याच्या पद्धतीला माझा विरोध नाही. मात्र तिच्या भरवशावर तंत्रज्ञ घडवण्याचे काम टाळले गेले असेल, तर ती उणीव भरून काढलीच पाहिजे.

गोळी चावून झाली. पुढचे काम मोठे आहे आणि तंत्रज्ञाचे कौशल्य लागते ते इथे. पहिली गोष्ट, रुग्णाला चालू द्यायचे नाही. आपल्याकडे माणूस शुद्धीत असला की 'चालतंय, येतो मी' म्हणत स्वतःच जिना उतरतो, मोटारसायकलवर मागे बसतो, गाडीपर्यंत जातो. धमनी बंद असताना हृदयावर हा भार नको. स्ट्रेचर आत न्यावे, नाहीतर खुर्चीवर बसवून उचलावे.

दुसरी गोष्ट ईसीजी. पहिली वैद्यकीय मदत पोचल्यापासून दहा मिनिटांत तो निघावा, असे जगभरचे दंडक सांगतात. कारण उपचाराची दिशा त्या कागदावर ठरते. विशिष्ट रेषा उचललेली दिसली, म्हणजे धमनी पूर्ण बंद आहे, तर दोन रस्ते असतात. १२० मिनिटांच्या आत अँजिओप्लास्टी होऊ शकत असेल तर थेट तिकडे. नसेल तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जिथे लवकर मिळेल तिथे द्यायचे आणि मग पुढे न्यायचे. श्रीपूरसारख्या गावाचा हिशेब बहुतेक वेळा दुसऱ्या रस्त्याकडे झुकतो. टेनेक्टेप्लेज वजनानुसार एकाच दमात टोचता येते. जुने स्ट्रेप्टोकायनेज तासभर सलाइनमधून द्यावे लागते. पण दोन्ही देण्यापूर्वी रक्तस्रावाची शक्यता तपासायला डॉक्टर हवा. ॲस्पिरिनचा अधिकार तंत्रज्ञाकडे यावा असे मी म्हणतो, इंजेक्शनचा निर्णय मात्र ईसीजी वाचणाऱ्या डॉक्टरकडेच राहावा. तंत्रज्ञाने ईसीजी काढून त्याच्या मोबाइलवर पोचवायचा.

प्राणवायूची सवय मोडायला हवी. रुग्ण गाडीत घेतला की तोंडावर मास्क, हे नातेवाइकांना धीर देणारे दृश्य झाले आहे. स्वीडनमधल्या ६,६२९ रुग्णांच्या चाचणीने २०१७ मध्ये दाखवले की रक्तातला प्राणवायू ९० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर वरून दिलेल्या प्राणवायूने मृत्यू कमी होत नाहीत. बोटाला यंत्र लावून आकडा पाहावा, कमी असेल तरच द्यावा.

आणि डीफिब्रिलेटर. झटक्यानंतरच्या पहिल्या तासाभरात माणसे दगावतात ती बहुधा हृदयाचे ठोके अचानक बेताल होऊन. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टचे फ्रँक पँट्रिज यांनी १९६०च्या दशकात डीफिब्रिलेटर रुग्णवाहिकेत नेला तो याच कारणासाठी. आजची हृदयसज्ज रुग्णवाहिका त्यांच्यापासून सुरू झाली. ॲस्पिरिन घेतलेला, बोलत असलेला माणूस दुसऱ्या क्षणी निपचित पडू शकतो. म्हणून पॅड आणि यंत्र हाताशी ठेवून प्रवास करायचा. तसे झालेच तर छाती दाबणे सुरू: मिनिटाला १०० ते १२० दाब, पाच ते सहा सेंटीमीटर खोल. धावत्या गाडीत हे नीट जमत नाही. गाडी बाजूला घेण्याचा निर्णय पायलटने घ्यायचा असतो, म्हणून त्यालाही हे शिकवलेले असले पाहिजे.

हे सगळे नीट जमवले तर काय होते, याचे दाखले दूर नाहीत. भारतातल्या ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांतून २०,४६८ रुग्णांची नोंद करणारा क्रिएट अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण बंद धमनीच्या रुग्णांना दुखणे सुरू झाल्यापासून रुग्णालयात पोचायला लागलेला मध्यम वेळ ३६० मिनिटे होता. सहा तास. पोचल्यावर इंजेक्शन मिळायला लागली ५० मिनिटे. म्हणजे खरा वेळ गेला घरी, रस्त्यावर आणि 'पित्त झालंय' या समजुतीत. गरीब रुग्णांना प्रभावी उपचार कमी मिळाले आणि ते जास्त दगावले, हेही त्याच अभ्यासात आहे. तामिळनाडूत लहान रुग्णालये एका मोठ्या केंद्राला जोडून, ईसीजी पाठवण्याची आणि रुग्णवाहिकेची सांगड घालून २,४२० रुग्णांवर जो प्रयोग झाला, त्यात वर्षभरातले मृत्यू १७.६ टक्क्यांवरून १४.२ टक्क्यांवर आले. गोव्याने २०१८च्या अखेरीस हीच पद्धत सुरू केली: बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय केंद्रस्थानी, तालुक्यांची रुग्णालये त्याला जोडलेली आणि जवळच्या ठिकाणीच इंजेक्शन. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत मोटारसायकलवरून परिचारिका रुग्णाच्या घरी पाठवून ईसीजी आणि इंजेक्शनचा प्रयोग केला. महाराष्ट्रातही ईसीजी दूरवर वाचून घेण्याचा उपक्रम शासकीय रुग्णालयांत आला आहे. अकलूज आणि पंढरपूरची उपजिल्हा रुग्णालये आणि सोलापूरचे सिव्हिल, ही साखळी श्रीपूरच्या रुग्णासाठी कागदावर आखायला अवघड नाही. अवघड आहे ते मध्यरात्री दीड वाजता ती चालणे.

श्रीपूरचे आपले असे दोन काळ आहेत. एक गाळप हंगाम. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे चार-पाच महिने रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग असते आणि रुग्णवाहिकेलाही तिच्यामागून जावे लागते. याच काळात बीड-नगरकडच्या टोळ्या फडात आणि कोप्यांवर असतात. पहाटे थंडीत मोळ्या उचलणारा पन्नाशीचा माणूस 'छातीत भरून आलंय' म्हणतो आणि मुकादम त्याला सोडा प्यायला देतो. त्याच्याकडे ना जुने कागद, ना इथला ओळखीचा डॉक्टर. बायकांचे आणखी वेगळे. जबडा दुखतोय, जीव घाबरा होतोय, मळमळतंय, दम लागतोय, अशी त्यांची तक्रार असते, छातीचे नावही निघत नाही. मधुमेहींचेही असेच, कधी तर वेदनाच नसते, नुसता घाम आणि गळाठा. या बोलीतल्या तक्रारी ऐकून ज्याच्या मनात हृदयाची शंका येते, त्याच्याच हातून गोळी वेळेवर दिली जाते. ईसीजीपूर्वी उपयोगी पडते ती ही शंका.

दुसरा काळ आषाढीचा. संत तुकाराम महाराजांची पालखी अकलूज, माळीनगर करून श्रीपूरच्या कारखान्यापाशी विसावते आणि बोरगावच्या मुक्कामाला जाते. साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे दोन-अडीच आठवडे चालून आलेली असतात. त्यांतल्या अनेकांची रक्तदाबाची गोळी वाटेत संपलेली असते. वारीत आरोग्य पथके आणि रुग्णवाहिका मोठ्या संख्येने असतात, २०२३ पासून 'आरोग्याची वारी, पंढरीच्या दारी' असा राज्याचा स्वतंत्र उपक्रमही आहे. पण गर्दीत गाडी हलत नाही. दिंडीतल्या एखाद्या टाळकऱ्याने पाठीवरच्या पिशवीत ॲस्पिरिनची पट्टी ठेवली आणि ते चार प्रश्न पाठ केले, तर गाडी येईपर्यंतची जागा तो भरून काढू शकतो. दिंड्यांच्या प्रमुखांना हे शिकवायला एक दुपार पुरते.

पैशाचा मुद्दा थोडक्यात. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातल्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होता. आज ती महात्मा फुले जन आरोग्य योजना आहे आणि अँजिओप्लास्टी तिच्यात बसते. पण योजनेत नसलेल्या रुग्णालयाच्या दारात रुग्ण उतरला, तर तिथून दुसरीकडे हलवण्यात तास जातो. आपल्या टापूत कोणती रुग्णालये योजनेत आहेत आणि त्यांतल्या कुठल्या ठिकाणी रात्री हृदयरोगतज्ज्ञ असतो, ही यादी रुग्णवाहिकेत चिकटवलेली हवी. नातेवाईक घाबरलेले असतात, त्यांच्याकडून ही निवड होत नाही. तंत्रज्ञाने ती सुचवणे हे रुग्णसेवेचेच काम आहे, मधल्या कुणाच्या कमिशनचे नव्हे.

श्रीपुरात सुरुवात करायला सगळ्यात सोपी जागा कारखाना. पाचशेहून जास्त कामगार असतील तिथे रुग्णवाहिका-कक्ष हवा आणि त्यात प्रशिक्षित माणसे हवीत, असे बंधन १९४८च्या कारखाना कायद्याच्या कलम ४५ने घातले होते. २०२०च्या श्रमसंहितेतही ते कायम आहे. कारखान्याच्या डॉक्टरने हंगामापूर्वी एका पानाचा आदेश सही करून या कक्षात आणि गाडीत ठेवावा. तिशीच्या पुढचा माणूस, छातीत, जबड्यात, डाव्या हातात किंवा वरच्या पोटात पंधरा मिनिटांहून जास्त दुखते किंवा घाम-दम आहे: खाली बसवा, १०८ला फोन करा, चार प्रश्न विचारा, चारींचे उत्तर नाही असेल तर ॲस्पिरिन ३२५ चावायला द्या. रक्तदाब, साखर, बोटावरचा आकडा मोजा. ईसीजीचे यंत्र असेल तर पट्टी काढून फोटो पाठवा. आणि एका चिठ्ठीवर लिहा: दुखणे किती वाजता सुरू झाले, गोळी किती वाजता दिली, किती मिलीग्रॅमची, आणखी काय दिले, कशाची ॲलर्जी आहे. ती चिठ्ठी रुग्णाच्या खिशात ठेवू नये, सदऱ्याला पिनने लावावी. अकलूजच्या कॅज्युअल्टीतला डॉक्टर आधी सुरुवातीची वेळ विचारतो, आणि इंजेक्शन द्यायचे की पुढे धाडायचे, ते तिच्यावरून ठरवतो.